ऊन कमी करून दे

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागे आमचा स्टुडिओ.
नवरा लग्नं काढतो, मी आतल्या खोलीत
लग्नं दुरुस्त करते.

मांडवाला निळी ताडपत्री असली
की अख्खी वरात निळी उतरते,
नवरदेव नुकताच तळ्यातून काढल्यासारखा.
मग मी टेम्परेचरची दांडी धरते
आणि हळूहळू उजवीकडे ओढते.
डावीकडे निळं, उजवीकडे पिवळं,
एवढंच आहे ते. शिकायला एक दुपार लागली,
कुठे थांबायचं हे कळायला चार वर्षं.

लोकांना आता ऊब पाहिजे.
असंच सांगतात: ताई, ऊबदार करा,
त्या मोबाइलमधल्या फोटोंसारखं,
जिथे खिडकीबाहेर बर्फ असतो
आणि आत कोणीतरी दोन्ही हातांनी कप धरून बसलेलं.
करते.
सावल्या थोड्या वर उचलते,
पांढऱ्यात चिमूटभर हळद,
कडा अंधारवते, चुलीपुढे बसल्यावर
मागची भिंत जाते तशी.
आषाढातल्या एका वाढदिवसाला
हिरवा जरा जास्तच ढकलला गेला,
तर मागच्या बांधीतला कालचा रोवणा
एका झटक्यात कापणीला आला.
पोराचा बाप पाहून म्हणाला,
हे असं शेतात करता येते का?

बाहेर सेहेचाळीस.
कूलरच्या ताट्या वाळलेल्या, टाकीत पाणी नाही,
माझ्या डोक्यावर ओला दुपट्टा,
आणि मी ऊब वाढवते आहे.
हसू येतं कधीकधी, एकटीलाच.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सयत्रा आली.
मोबाइल पदराला दोनदा पुसला.
फोटो एकच. तिची माय, फुलवंता,
तेंदूफळीवर, मांडीत पानं,
पुड्याची दोरी दातात,
कोणीतरी हाक मारली म्हणून वर पाहिलेलं.
"पौषात गेली. भिंतीवर लावाचा हाय."

हात सवयीनं
सरळ उजवीकडे गेला.
कपाळ सोन्याचं झालं, पानं तांबूस,
सुरकुत्यांत मध भरल्यासारखा उजेड.
मला वाटलं, छान.

सयत्रा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली.
"इतलं ऊन कायले टाकलं, बाई?
पाहाटे चारले जंगलात, मंग दिसभर फळीवर.
सत्तर पानं मोजाची, बांधाची, आणखी सत्तर.
जलमभर उनातच होती.
आता तरी कमी करून दे."

याला ऊबदार म्हणतात,
असं मी म्हटलं नाही.

दांडी डावीकडे घेतली. शून्यावर थांबले.
"आणखी."
पानं परत हिरवी झाली, आत्ता तोडल्यासारखी.
"आणखी थोडं."
ज्या निळ्याला चार वर्षं हाकलत होते
तो आला, आणि तिच्या खांद्यावर टेकला,
मोहाखाली दुपारी सावली टेकते तसा.
घामाचे थेंब मिटवायला ब्रश घेतला
तर सयत्रानं माझं मनगट धरलं.
"ते राहू दे. ते तिचंच हाय."

बारा बाय अठरा, फ्रेमसकट तीनशे.
तिनं दोनशे चाळीस मोजून दिले,
साठ पुड्यांचे पैसे आल्यावर.
मी हो म्हटलं.

रात्री नवऱ्यानं प्रिंट उचलून पाहिली.
हे निळं काहून राहिलं?
निळं नाही, म्हटलं, मांडव घातलाय.
त्याला कळलं नाही.
तो नागपूरच्या पार्टीचं कार्ड लावून बसला होता,
तीनशे बारा फोटो,
सगळे गरम करायचे.